शाळाच गेली कुरणात

खेळत शिकणं म्हणजे महागडी माँटेसरी खेळणी, असंच वाटतं ना आपल्याला? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे हेच साहित्य. मोजायला शिंपले काय वाईट? पाड्यावरची मुलं येईनात, तर ताराबाई आणि अनुताई वाघांनी तिथल्या अंगणातच वर्ग भरवला. 'अंगणवाडी' हे नाव १९७५च्या सरकारी योजनेतून पुढे देशभर गेलं.

मला जास्त भावते ती कोसबाडची कुरणशाळा. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची. ती शाळेत बसली तर गुरं कोण बघणार? आईबापांचा प्रश्न रास्तच होता. मग शाळाच कुरणात गेली. (आम्ही सॉफ्टवेअरवाले 'युजरकडे जा' म्हणतो, एसीत बसून!) गुरं चरत राहिली, मुलं शिकत राहिली.