शेतधन्याची संमती

२०२५च्या मार्च महिन्यात, बऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या परिसरात रात्री विजेऱ्या घेऊन शेते उकरणाऱ्या गावकऱ्यांच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीवर बेतलेला हिंदी चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता आणि मोगलांचे सोने त्या मातीत पुरलेले आहे, अशी हूल उठली होती. कोणी चाळण्या आणल्या होत्या, कोणी धातुशोधक यंत्रे. मराठी कादंबरीचा असाही परिणाम होऊ शकतो, हे आम्हां मराठीच्या मास्तरांना नवीन होते! सोने सापडले काय, यावर पुष्कळ बोलले गेले. शेत कोणाचे आणि धन्याला कोणी विचारले काय, हे मात्र आमच्या कानांवर क्वचितच आले.

हा प्रश्न इंग्लंडात गेली चाळीसपन्नास वर्षे सतत चर्चेत आहे. यंत्र घेऊन रानोमाळ हिंडणारे हौशी तेथे हजारोंनी आहेत. १९८०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञांनी त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली होती. पुढे दोघांत एक प्रकारचा समेट झाला आणि त्या समेटाच्या मुळाशी शेतधन्याची संमती आहे. तिच्याकडे निव्वळ मालमत्तेचा, फार तर शिष्टाचाराचा विषय म्हणून पाहिले जाते. आमच्या मते तो इतिहासाच्या साधनांच्या विश्वासार्हतेचा विषय आहे.

परवानगी मिळवण्याची रीत दिसायला साधी. हौशी मनुष्य शेतकऱ्याच्या दारी जातो, आपण कोण, काय शोधतो ते सांगतो. उभ्या पिकात पाय घालणार नाही, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवीन, फाटक जसे असेल तसेच ठेवीन, अशी हमी देतो. मेंढ्या विण्याच्या हंगामात गेल्यास बहुधा हात हलवीत परत यावे लागते. शेतकरी कूळ असेल, तर जमीनमालकाचीही संमती लागते. सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी व्हावी, हे आधीच कागदावर उतरवणे सर्वांत शहाणपणाचे. संरक्षित स्मारकाच्या जागी मात्र धन्याची परवानगी पुरत नाही; १९७९च्या कायद्याने तेथे सरकारी अनुमतीवाचून यंत्र चालवणे हा गुन्हा आहे. या सगळ्या सोपस्कारांत कंटाळवाणेपणा भरपूर आहे आणि पुष्कळांना नकारच मिळतो.

क्वचित उलटेही घडते. सफक परगण्यातील हॉक्सन गावी १९९२च्या नोव्हेंबरात एका कुळाचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून द्यावा म्हणून त्याने एरिक लॉज या आपल्या स्नेह्यास बोलावले. हातोड्याआधी हाती लागले ते रोमन काळाच्या अखेरचे सोने आणि रुपे. लॉज यांनी थोडे खणून काम थांबवले, खबर दिली, आणि पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जागच्या जागी उकलला. चौदा हजारांहून अधिक नाणी निघाली. ती ज्या पेटीत ठेवली होती तिच्या रचनेचाही अंदाज बांधता आला. तेव्हाच्या जुन्या कायद्यात बक्षीस केवळ शोधणाऱ्याचे असे. लॉज यांनी आपखुशीने त्यातला वाटा कुळाला दिला. पुढे १९९६चा कायदा आला (अंमल १९९७पासून) आणि शोधक व जमीनमालक यांनी बक्षीस सामान्यतः निम्मे-निम्मे घ्यावे, विनापरवाना घुसणाऱ्याचा वाटा कमी व्हावा अथवा बुडावा, असा प्रघात पडला. हातोडाही सापडला बरे. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

२०१५ साली मात्र इतिहासाने जणू एक प्रयोगच मांडला. त्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने व्हायकिंगांचे दोन साठे सापडले, दोन्ही इ. स. ८७०-८८० या दशकातले. पहिला जूनमध्ये, हेरफर्डशरमधील लेमस्टर गावाजवळ. दुसरा ऑक्टोबरात, ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टनपाशी. वॉटलिंग्टनला जेम्स मेदर यांना नाणी दिसताच त्यांनी खणणे थांबवले, खड्डा पुन्हा बुजवला आणि अधिकाऱ्यास कळवले. मातीचा ढेकूळच्या ढेकूळ उचलून तो प्रयोगशाळेत उकलला गेला. सुमारे दोनशे नाणी, रुप्याच्या कांड्या, काही दागिने असा तो ऐवज २०१७ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने साडेतेरा लाख पौंडांना घेतला.

या नाण्यांत तेरा अशी होती की ज्यांच्या एका अंगावर शेजारी-शेजारी बसलेले दोन सम्राट आहेत. तोवर अशी अवघी दोन नाणी जगाला ठाऊक होती. हा छाप वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ या दोघांच्याही नावे पाडलेला आहे. आता गंमत पाहावी. आल्फ्रेडच्या छायेत रचलेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीने या केओलवुल्फची व्हायकिंगांनी गादीवर बसवलेला एक मूर्ख सरदार म्हणून बोळवण केली आहे. (ग्रंथाचे नाव ‘क्रॉनिकल’, बखर हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. आश्रयदात्याची बाजू राखण्याचा तिचा रिवाज आपल्या ओळखीचा आहे.) बखर ज्याला मूर्ख म्हणते, त्याच्याबरोबर आल्फ्रेडने एकाच छापाची नाणी पाडली होती. दोघे मित्र होते आणि मित्राचे राज्य पुढे वेसेक्सच्या वर्चस्वाखाली गेल्यावर दरबारी लेखणीने त्याला लहान केले, असे मानण्यास आता चांगला आधार आहे.

हेच चित्र असलेली नाणी लेमस्टरच्या साठ्यातही होती. पण शोधणाऱ्या दोघांनी जमीनमालकाशी रीतसर करार केला नव्हता आणि सापडलेल्या ऐवजाची खबरही दिली नाही. नाणी गुपचूप विकली जाऊ लागली. मूळ साठा सुमारे तीनशे नाण्यांचा असावा असा अंदाज आहे. त्यांपैकी तीसेकच परत मिळाली. साठा जमिनीत कसा दिसत होता याचा पुरावा म्हणून उरली ती पुसून टाकलेली आणि पोलिसांनी फोनमधून परत मिळवलेली छायाचित्रे. २०१९ साली दोघांना दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. अपिलात त्या कमी झाल्या. परवानग्या व करार नीट केले असते तर कित्येक लाख पौंडांचा वाटा कायद्यानेच मिळाला असता, हे न्यायाधीशांनी त्यांना ऐकवले.

ज्याने विचारले नाही, त्याला जागा लपवावी लागते. जागा लपवलेले नाणे विकत घेणाऱ्याच्या तिजोरीत चमकेल. त्याचा पुरावा म्हणून उपयोग फार थोडा. शिलालेखातली एखादी ओळ कापून आणावी आणि तो कोणत्या देवळाचा हे सांगू नये, तसे ते. राजवाडे यांनी घरोघर हिंडून दप्तरे मिळवली, तेव्हा तीही कोणाच्या तरी मालकीची होती आणि धन्यांची मनधरणी करण्यात त्यांचा फार काळ गेला, याची आम्हांला येथे आठवण होते.

आपल्याकडेही कायदा आहे. असीरगडाच्या बातम्यांत तो कोणाला आठवला नसला तरी आहे. १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. त्याचा खरा वारस पुढे आला नाही, सरकारने ते स्वतःसाठी घेतले नाही, आणि शोधक व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक चतुर्थांश जागेच्या धन्याचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीचा सहावा भाग देऊ केला आहे, चाकरास बारावा. एक लक्षावरील निधी राजाचा. त्यात शेतधनी कोठेच नाही. मात्र हा भाग ज्याला मिळतो त्याला तेथे शोधक म्हटलेले नाही. तो येऊन निवेदन करणारा आहे.