जीपचा ऑइलचा काटा खरं बोलतो का?

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, तह नाहीत. आज एका काट्याचा इतिहास आहे. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा.

नांदेड-लातूरकडं ज्यांच्या घरी जुनी डिझेल जीप आहे, त्यांनी हे वाक्य नक्की ऐकलंय: "गाडी गरम झाली की काटा पडायलाय." मग सल्लेही ठरलेले. एक जण म्हणतो जाड ऑइल टाका. दुसरा म्हणतो इंजिन खोला. तिसरा म्हणतो आता भंगारात द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की या तीन सल्ल्यांच्या आधी तपासाच्या चार-पाच पायऱ्या आहेत. त्या कळायला थोडा इतिहास लागतो.

लंडनमधलं उडालेलं बूच

ब्यूचॅम्प टॉवर नावाचा एक इंग्रज इंजिनियर. १८८३ मध्ये तो लंडनच्या मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेसाठी बेअरिंगमधल्या घर्षणाचे प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्यानं बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. शाफ्ट फिरायला लागला आणि ऑइल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून वर यायला लागलं. त्यानं बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्यानं तिथं गेज लावला, तर काटा २०० पीएसआयच्या पुढं. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे अंदाज घ्या.

१८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं यामागचं गणित मांडलं. फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलला ओढून चिंचोळ्या जागेत घुसवतो. तिथं ऑइलची पाचर तयार होते आणि शाफ्ट त्या पाचरीवर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही.

आता आपल्या काट्याकडं या. डॅशबोर्डवर दिसतं ते या पाचरीचं प्रेशर नाही. ते फक्त पुरवठ्याचं प्रेशर आहे. म्हणजे पंप ऑइल ढकलतोय आणि समोरून त्याला किती अडवणूक होतेय, एवढंच. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट झिजून वाढली की ऑइल पटकन निसटतं, अडवणूक कमी होते, काटा खाली येतो. गरम ऑइल पातळ असतं, म्हणून आजार आधी गरम इंजिनात, आयडलिंगला दिसतो.

जीप आपल्याकडं आली कशी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी फोर-व्हील गाडी हवी होती. विलीज कंपनीच्या बार्नी रूस या इंजिनियरनं जुन्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर काम करून ते ६० पर्यंत नेलं. त्या काळात के. सी. महिंद्रा भारत सरकारच्या कामासाठी अमेरिकेत होते. तिथं त्यांची रूसशी भेट झाली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीज जीप उभ्या राहू लागल्या.

त्याच १९४८ मध्ये नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. आणि त्याच वर्षी लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा सौदा केला. १५५ जीप आल्या आणि त्या वापरायच्या लायकीच्या नाहीत असं निघालं. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्यांपैकी हा एक. जुनी जीप न तपासता घेऊ नये, हा धडा देशानं तेव्हाच घेतलाय म्हणा ना!

पुढं पेट्रोल परवडेना, म्हणून जीपमध्ये डिझेल इंजिन आलं. आधी बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल इंजिन. मग १९८० च्या दशकात फ्रेंच प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. नावातच सगळं आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. अमेरिकन बॉडी, फ्रेंच डिझाइनचं इंजिन, आणि दुरुस्त करणारा आपल्या एमआयडीसीतला मिस्त्री. काळी-पिवळीपासून पुढाऱ्यांच्या दौऱ्यापर्यंत, उसाच्या फडापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत मराठवाडा या गाड्यांवर फिरला. मे महिन्यात चाळिशीपार ऊन, काळ्या मातीचा फुफाटा आणि क्षमतेच्या दुप्पट माणसं. बेअरिंगची परीक्षा याहून कडक काय असणार?

आता तपास

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडं डॅशबोर्ड लाल झाला की पहिला प्रश्न असतो: सर्व्हर पडलाय की सेन्सर? इथंही तेच.

पायरी एक, डिपस्टिक. लेव्हल कमी आहे का ते बघाच, पण आपोआप वाढलीय का तेही बघा. डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा डायफ्राम फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट बघा.

पायरी दोन, काट्याचीच झडती. सेंडिंग युनिट काढून त्याच भोकात नळीचा मेकॅनिकल गेज लावायचा. हा गेज १८४९ च्या बूर्दों नळीच्या तत्त्वावर चालतो, त्याला वायर नाही की अर्थिंग नाही. अमेरिकन मेकॅनिकांचा जुना ठोकताळा आहे, दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय. नेमका आकडा मात्र तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचाच धरा.

पायरी तीन, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टर. पायरी चार, रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर फार वाढलं तर जादाचं ऑइल परत सोडणारा हा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो आणि प्रेशर तिथूनच निसटतं.

पायरी पाच, चेंबर उतरवणं. जाळी गाळानं बुजलीय का, पंपाच्या गिअरमध्ये फट वाढलीय का, पाइपाचा जॉइंट हवा ओढतोय का. उभ्या चढावर किंवा तिरक्या बांधावर काटा एकदम पडत असेल, तर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जाऊन जाळी उघडी पडतेय. आधी लेव्हल बघा.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तरच बिग एन्ड आणि मेन बेअरिंगच्या कॅपा उघडायच्या. शेल झिजले असतील आणि क्रँकचं माप बरोबर असेल तर नुसते शेल बदलून भागतं. क्रँकला चरे असतील तर ग्राइंडिंग, आणि मग दहा, वीस किंवा तीसचे अंडरसाइज शेल. कॅमशाफ्टचे बुशही विसरू नका, तिथूनही ऑइल निसटतं.

आमच्या काकांच्या जीपचं सांगतो. एका गॅरेजनं थेट क्रँकचं काम सांगितलं होतं. काकांनी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलं. अहमदपूरच्या रस्त्यावरचा दुसरा मिस्त्री म्हणाला, "काका, आधी काटा खरं बोलायलाय का ते बघू." नळीचा गेज लावला. काटा खरंच बोलत होता, प्रेशर कमीच होतं. पण रिलीफ व्हॉल्व्ह खोलला तर आत जुन्या गॅस्केटचा तुकडा. तो काढला, व्हॉल्व्ह धुतला, प्रेशर जागेवर. दर वेळी नशीब असं साथ देईलच असं नाही. पण दहा मिनिटांचं काम आधी आणि दहा दिवसांचं नंतर, हा क्रम कुणालाही पाळता येतो.

आणि जाड ऑइल? काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते. वर सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि ते काही सेकंद बेअरिंग कोरडं घासतं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं वॉशर टाकणं हाही तसाच प्रकार. यात काट्याचं समाधान होतं, इंजिनाचं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाडी पळताना काटा शून्याकडं गेला किंवा खालून खटखट ऐकू आली, तर "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका. तिथंच बंद करा. पुरवठा थांबला की टॉवरची ती पाचर मोडते, शेल फिरतो, क्रँक धरतो. मग ट्रॉलीला बांधून आणायचा खर्च सगळ्यात स्वस्त वाटेल.

पुढच्या वेळी गावाकडं गेलात की जुन्या मिस्त्रीजवळ बसा. कुठलं इंजिन कुठल्या गाडीत बसवलं, कुणाचा शेल कुणाला चालला, हे त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर त्यातलं फार थोडं उतरलंय. फोनचा रेकॉर्डर चालू करा, विचारून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!