जेल, तुरुंग आणि पिंजरा

पनवेल तालुक्यातील तळोजे येथील तुरुंगाचे सरकारी नाव 'तळोजा मध्यवर्ती कारागृह' असे आहे. बोलताना मात्र कोणी कारागृह म्हणत नाही. लोक म्हणतात, तळोजा जेल. हा इंग्रजी शब्द आपल्याकडे इतका रुळला की 'दोन वर्षांची जेल झाली' असे म्हणत आपण त्याला स्त्रीलिंगही बहाल केले.

या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास आपण पोहोचतो ते लॅटिन भाषेतील 'काव्हेआ' या शब्दापाशी. काव्हेआ म्हणजे पोकळ जागा, पशुपक्षी कोंडण्याचा पिंजरा. त्याचे लघुत्ववाचक रूप म्हणजे लहानसा पिंजरा. तेच रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि तेही दोन वाटांनी. नॉर्मंडीच्या बोलीतून आलेल्या रूपाचे स्पेलिंग 'जी' या अक्षराने सुरू होई, पॅरिसकडून आलेल्याचे 'जे'ने. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'जी'चे स्पेलिंग दिसते, उच्चार मात्र जेल असाच करावयाचा. (शाळेत आम्ही तो 'गाओल' असा वाचला होता, हे येथे कबूल करतो!) पोर्तुगीज भाषेत याच कुळातील 'गायोला' हा शब्द आजही पक्ष्याच्या पिंजऱ्यासाठी वापरतात.

आणि पोर्तुगिजांचे नाव निघालेच आहे, तर आपल्या 'तुरुंगा'विषयीही सांगितले पाहिजे. अस्सल मराठी वाटणारा हा शब्द पाव, चावी, पगार यांच्याच गलबतातून आला. पोर्तुगीज 'त्रोंको' म्हणजे झाडाचे खोड. भोके पाडलेल्या ज्या ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवीत, तोही त्रोंको, आणि पुढे कैदखानाही त्रोंकोच. गोव्यातील आसगावचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आशियाई भाषांतील असे पोर्तुगीज शब्द गोळा केले, त्यांत हाही आहे. मलय भाषेतही तो 'तरुंकू' होऊन बसला आहे. नवल असे की मराठीनेही स्वतंत्रपणे हाच विचार केला होता: खोड आणि खोडा! प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल व सीला यांचे पाय खोड्यात अडकवितात. त्या अवस्थेत, मध्यरात्री, ते दोघे स्तोत्रे गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते.

प्राचीन इंग्लंडात जेल ही मुख्यतः शिक्षेची जागा नव्हती. न्यायाधीश येईपर्यंत माणसाला कोंडून ठेवण्याची ती जागा होती. मराठीत अशा माणसाला 'कच्चा कैदी' म्हणतात. आज भारतातील तुरुंगांत दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन कच्चे कैदीच आहेत. शब्दाचा जुना अर्थ आपल्या देशात असा टिकून राहावा, हे काही भूषणावह नाही.

तळोज्यात असेच एक कच्चे कैदी होते, येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक केली. आरोप त्यांनी नाकारले होते. वय ८३ वर्षांचे. कंपवातामुळे हाती पेला ठरत नसे, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी नळी व सिपर मिळावा असा अर्ज न्यायालयात केला. उत्तर देण्यास तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले.

जानेवारी २०२१ मध्ये तळोज्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी सोबतच्या गरीब कच्च्या कैद्यांची आठवण केली. आपल्यावरील आरोप काय, हेही त्यांतील अनेकांना ठाऊक नाही, असे लिहिले. आणि शेवटी, पिंजऱ्यातील पाखरालाही गाता येते, अशा आशयाचे एक वाक्य जोडले. 'जेल'ची व्युत्पत्ती त्यांच्या मनात असेल असे आम्हांस वाटत नाही. तिच्यावाचूनच ते शब्दाच्या मूळ अर्थापर्यंत पोहोचले.

२८ मे २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. तेथेच ५ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. खटला उभा राहिला नव्हता. जामिनाचा अर्ज न्यायालयापुढे होता.