खिडकीचा उजेड

तारापूरच्या घरात भिंतीवर नानीचा एकच फोटो आहे. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. नानी स्टुडिओत यायला तयार नव्हती, म्हणून बोईसरचा फोटोवाला घरी आला. त्याने एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या लावून घेतल्या, नानीला उजेडाकडे तिरकं बसवलं आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरून मला उभं केलं. फ्लॅश वापरलाच नाही.

पुढे शाळेत इतिहास शिकवताना कळलं, की त्याची ही रीत दीडशे वर्षांची आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. स्टुडिओला काचेचं छप्पर आणि उत्तरेकडे काचेची भिंत असे, पडदे सरकवून उजेड हवा तसा वळवत. उत्तरेकडून ऊन येत नाही, हा मात्र विलायती नियम. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्यच उत्तरेला असतो. शिवाय कोकणातल्या घराचं छप्पर इतकं खाली उतरलेलं, की खिडकीत आभाळापेक्षा अंगणाचाच उजेड जास्त. खिडकीपासून दोन हात मागे सरकलं की काळोख. म्हणूनच चेहरा उठून दिसतो.

ओल्या काचेच्या प्लेटला काही सेकंद लागत. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. प्लेटला निळा उजेड कळे, लाल-पिवळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे सावळा माणूस असतो त्याहून काळा उतरे.

याच काळात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांत छापले. माणसं एका जागी टिपायची आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच फोटोतला देखावा जोडायचा, ही त्याची पद्धत. त्यात मुसलमान जमातीही आहेत. पण खाली नाव माणसाचं नाही, जमातीचं. ज्या उजेडात तो माणूस बसला होता तोही त्याच्याकडे राहिला नाही.

परद्यातल्या बायकांचं काय? राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. परदा राखूनही चेहरा टिपता येतो, हे आमच्या मोहल्ल्यातल्या वादाआधी शंभर वर्षं सिद्ध झालं होतं!

त्याच सुमारास मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार नाटकातल्या प्रवेशासारखी माणसं मांडून फोटो काढत होते. लंडनला शिकलेले. त्यांच्या ‘फीस्ट ऑफ रोझेस’ या मालिकेचा विषय मोगल जनान्याचा, तोही थॉमस मूर या आयरिश कवीकडून घेतलेला. म्हणजे आमचीच गोष्ट दोन समुद्र फिरून मुंबईत आली. मला ही चित्रं जरा जास्तच सजवलेली वाटतात. पण त्यांतल्या माणसांचे हात, कपड्यांच्या चुण्या पाहाव्यात. जॉन्सनला जमात दाखवायची होती, भेदवारांना मनातला भाव.

नानीचा फोटो मात्र परत आला. अर्धा चेहरा सावलीत आहे, चालणार नाही. मग तिला स्टुडिओत जावंच लागलं. फ्लॅशमध्ये तिच्या सुरकुत्याच गायब झाल्या, डोळे भेदरलेले. तो फोटो पासपोर्टात आहे, पेटीत. भिंतीवर आहे तो चादरीवाला; नीट पाहिलं तर डाव्या कडेला चादर धरलेली माझी बोटं दिसतात.