पेवापासून भट्टीपर्यंत : ज्वारीच्या पुरवठ्याची कुळकथा

भीमा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत, मंगळवेढ्याच्या आसपास, ज्या काळ्याभोर व खोल जमिनी आहेत, त्यांत भाद्रपद-आश्विनात पेरलेली ज्वारी पुढे पावसाची फारशी वाट न पाहता मुरलेल्या ओलीवर पोसते आणि माघ-फाल्गुनात मुळासकट उपटून खळ्यावर येते. वर्षातून एकदा पडणारी रास बारा महिने पुरवावी, आणि एखादे साल कोरडे गेलेच तर त्यापुढेही पुरवावी, ही या मुलखाची जुनी निकड होय. आणि आज ज्वारी दळणाऱ्या, भाजणाऱ्या व आंबवणाऱ्या उद्योगांना धान्य पुरवण्याचा जो व्यवसाय नवा म्हणून ओळखला जातो, त्याचे मूळ मला याच निकडीत दिसते.

त्या निकडीतून पेव निर्माण झाले. गावाच्या पांढरीत, पाणी लागणार नाही अशा उंचवट्यावर, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोटाशी ऐसपैस असे विवर खणीत, त्याला कडब्याचे अस्तर देत, आणि धान्य भरून झाले की दगडी चीप ठेवून तोंड मातीने लिंपून टाकीत. कोंडलेल्या धान्याच्या श्वसनानेच आतला प्राणवायू सरत जाई आणि किडीला जगणे दुर्घट होई. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगबगीने आत उतरत नसे. दोरीला बांधलेला पेटता दिवा आधी खाली सोडीत, तो तेवत राहिला तरच माणसाला उतरवीत, कारण या दक्षतेत कसूर झाली तर माणूस गुदमरून दगावे. भिंतीलगतचे काळवंडलेले, कुबट वासाचे धान्य निराळे काढले जाई आणि मधले घरात येई. प्रतवारीचा धडा ज्वारीच्या व्यवहाराने बाजार समितीच्या पुष्कळ आधी, पेवाच्या तोंडाशीच गिरवला आहे.

बहामनी अमदानीत मंगळवेढ्याचे अंमलदार दामाजीपंत यांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केली, आणि त्या धान्याचे मोल श्रीविठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरच्या खजिन्यात भरले, ही कथा महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या भक्तिभावाने सांगत आला आहे. त्या भक्तिभावाला यत्किंचितही धक्का न लावता तिच्यातला व्यवहारही न्याहाळावा : धान्य गावात, त्याचा हिशेब दूरच्या राजधानीत, आणि ते कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अखत्यार कोठारापाशी उभ्या असलेल्या माणसाला नाही.

इंग्रजी अमलात धान्याची वाट पालटली. १८३६ मध्ये इंदापुरापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या जमाबंदीस आरंभ झाला. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याने भरावयाचा असल्याने पेवात राहण्याजोगे धान्य खळ्यावरूनच बाजाराकडे वळू लागले. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापुरास आला, १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी बार्शीत शिरली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. या मार्गांच्या काठाने अडतीच्या पेढ्या वाढल्या. शेतकऱ्याचा माल उतरवून घेणारा, खरेदीदाराशी सौदा तोडणारा आणि अडीनडीला उचल देणारा अडत्या हाच ज्वारीच्या पुरवठ्याचा खरा सूत्रधार झाला. मापाडी पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून मोजणीस प्रारंभ करी. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारी आणि एक दाणा दाताखाली धरी. कट्ट वाजला तर माल वाळलेला, चेपला तर ओल बाकी. आर्द्रता मोजणारी यंत्रे आली तरी दाताची ही परीक्षा अद्याप सुटलेली नाही.

मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड होऊन ‘एम ३५-१’ हे वाण सिद्ध झाले, आणि टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्यामुळे ते भाकरीचे वाण म्हणून रूढ झाले. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण आला व खरिपाची ज्वारी उदंड पिकू लागली. परंतु ती कणसात भरते तेव्हा पाऊस सरलेला नसतो, दाण्यावर बुरशी चढते, आणि काळी पडलेली ती ज्वारी भाकरीला कोणी घेत नाही. हा माल कोंबड्यांच्या खाद्याकडे, स्टार्चच्या कारखान्यांकडे आणि मद्यार्काच्या भट्ट्यांकडे गेला. मद्यार्काला रंगरूप लागत नाही, पिष्ट लागते : दाणा भरडून शिजवावा, विकरांनी पिष्टाची साखर करावी, यीस्टने ती आंबवावी आणि ऊर्ध्वपातन करावे. २००७ मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. मला तो विरोध रास्त वाटतो. काळ्या मालाला गिऱ्हाईक मिळाले हा शेतकऱ्याचा दिलासा मी नाकारीत नाही. पण दारूचा खप वाढवून कोरडवाहू शेतीचे दैन्य फिटेल, हा हिशेब शेतकऱ्याच्याच घरात शिरून पाहिला की चुकतो.

सोलापूरच्या कडक भाकरीचा उद्योग याहून निराळा. पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजून पुन्हा मंद आचेवर पापडासारखी वाळवावयाची असते. त्यास एका जातीची, एका वर्षाची, न डंखलेली ज्वारी हवी, कारण दाणे मिसळले तर पिठाला चिकटपणा राहत नाही आणि थापताना कड फुटते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिच्या नावाला बाजारात वजन आले खरे. पण पुरवठादार करार घेऊन बांधावर जातो तेव्हा तो केवळ दाण्याचा भाव बोलतो, आणि शेतकरी मनात कडब्याचाही हिशेब मांडीत असतो. मालदांडीची उंच ताटे ही त्याच्या गुरांची वर्षाची बेगमी. चाऱ्याची ही गरज जाणून जो पुरवठादार काढणीनंतर कडबा शेतकऱ्याच्या दारी राहील अशी बोली करतो, त्याला माल मिळतो.

उरतो प्रश्न भांडवलाचा. भाकरी करणाऱ्या बचत गटांतील बायकांना ज्वारी फाल्गुन-चैत्रात स्वस्त मिळते, पण वर्षाचे धान्य एकरकमी घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नसतो. श्रावणात त्या तीच ज्वारी चढ्या भावाने किरकोळीत घेतात. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत शेतकऱ्याला गोदामात ठेवलेल्या धान्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. तशीच सोय या गटांच्या धान्यासाठीही झाली, तर फाल्गुनातली खरेदी त्यांच्या आवाक्यात येईल.