कुलाब्याची चुंबकसूची आणि मुंबईची ट्राम

वाहकातून वीजप्रवाह जाताच त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे ऑर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. याच नियमामुळे मुंबईतील एका वेधशाळेला जागा बदलावी लागली. कुलाब्यास १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होत. १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळ तेथे नोंदले गेले. विजेच्या ट्रामचा बेत पुढे आला, तेव्हा रुळांतून व जमिनीतून परतणारा प्रवाह तेथील नाजूक सूची विचलित करणार, हे उघड झाले. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडले. तेथील इमारतीत चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले. ट्राम १९०७ मध्ये धावली. तत्पूर्वी, १९०४ ते १९०६ या काळात, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. स्थलांतराहून ही दक्षता अधिक मोलाची. तिच्यामुळेच कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नोंदींशी जोडता आली.