प्लेगच्या काळातील मांजरगणना

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचे डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ओळखले आणि काही महिन्यांतच कल्याण स्थानकाचे रूप पालटले. मुंबईहून घाट चढून देशावर जाणाऱ्या गाड्या कल्याणवरूनच पुढे जात. तेथे उतारूंची तपासणी होई. ताप किंवा काखेत-जांघेत गाठ आढळली, की प्रवास तेथेच संपे. माणसांवर असा पहारा होता. मालगाड्यांतील धान्याच्या पोत्यांबरोबर जाणाऱ्या उंदरांना मात्र कोणी अडवत नव्हते. साथ ठाणे जिल्ह्यात पसरली आणि देशावरही पोहोचली.

प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले होते. पण फारसे कोणी ते मानले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत केलेल्या प्रयोगांनी त्याला बळकटी दिली. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात. मग प्रश्न उरला तो उंदीर कमी कसे करायचे हा.

अमरावतीचे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन या डॉक्टरांनी याचे उत्तर घराघरांत शोधले. त्यांनी वऱ्हाडातील गावांत चक्क मांजरांची मोजदाद केली! घरांच्या मानाने मांजरे पुष्कळ असलेल्या गावांना प्लेगची झळ कमी लागते, असे त्यांना दिसले. १९०८ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘प्लेगप्रतिबंधक मांजरे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली हा विचार मांडला.

येथे क्षणभर थांबू या. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते काय? मांजरे पाळणारी गावे इतर बाबतींतही वेगळी असू शकतील. शिवाय मांजर खरोखर किती आणि कोणते उंदीर मारते, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी मांजराचे वागणे समजून घ्यायला हवे.

मांजर एकटे, दबा धरून शिकार करते. पोट जमिनीला टेकवायचे, कान पुढे वळवायचे, शेपटीचे टोक तेवढे हलवायचे आणि एकदम झेप घ्यायची, ही तिची रीत. बहुतेक शिकार तिच्याहून बरीच लहान असते. पकडलेला उंदीर ती सोडते, पुन्हा पंजा मारते. याला आपण क्रौर्य म्हणतो. पण १९७९ सालच्या प्रयोगांत असे दिसले, की शिकार मोठी असली किंवा मांजराला भूक कमी असली, तर हे ‘खेळवणे’ वाढते. उंदीर चावतो, हे ध्यानात घेतले तर त्यात सावधपणा दिसेल. ‘मांजर उपाशी ठेवले तरच उंदीर मारते’ हाही गैरसमजच. १९७६ सालच्या एका प्रयोगात मांजरांनी आवडीचे अन्न अर्धवट टाकून उंदीर मारला आणि मग पुन्हा त्या अन्नाकडे वळली. शिकारीची प्रेरणा केवळ भुकेवर अवलंबून नसते.

मग मोठ्या उंदरांचे काय? २०१८ मध्ये न्यू यॉर्कमधील एका निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्यांनी ७९ दिवस नोंदी घेतल्या. मांजरांनी उंदरांवर पाळत ठेवल्याचे २० प्रसंग दिसले. मारले गेले फक्त २ उंदीर. मांजरे आसपास असली, की उंदीर उघड्यावर कमी येत. माणसाला वाटे, उंदीर कमी झाले. प्रत्यक्षात ते लपलेले असत.

म्हणजे ब्यूकॅनन चुकले काय? तसे सरळ म्हणता येत नाही. न्यू यॉर्कचे उंदीर गटारातले, पाव किलोहून जड. आपल्या घरातला काळा उंदीर त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. मुंबईतही आयोगाला घरात राहणारा आणि गटारात राहणारा असे दोन उंदीर आढळले होते. गावातल्या घरात मांजराचा उपयोग होत असेल. गटारात आणि घुशीपुढे तिची मात्रा चालेलच असे नाही. आणखी एक धोका होता. मांजरालाही प्लेग होतो आणि तिच्यापासून तो माणसाला होऊ शकतो.

हा इतिहास ठाणे, कल्याण, डोंबिवलीला आजही लागू आहे. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे हा रोग होतो. इमारतीच्या आवारात दोन मांजरे ठेवून हे संकट टळत नाही. उंदरांचे अन्न म्हणजे उघडा कचरा, आणि निवारा म्हणजे बिळे व तुंबलेली गटारे, हे दोन्ही काढावे लागतात.

विद्यार्थ्यांना आठवडाभर आपल्या गल्लीतील मांजरे दुरून पाहायला सांगावे, हात न लावता. काय दिसले ते एका रकान्यात आणि त्याचा अर्थ काय वाटला तो दुसऱ्या रकान्यात लिहावा. ‘शेपटीचे टोक हलले’ ही नोंद. ‘मांजर रागावले’ हा तर्क. ब्यूकॅनन यांच्या मांजरगणनेतही हे दोन रकाने वेगळे ठेवूनच पाहावे लागते.